दमयंती वयनीची राहिलेली साक्ष

ज्या दिवशी कमलेशने बाजारात येऊन सांगितलं की आपल्याकडे सिरीजचं शूटिंग होणार आहे आणि कोर्टात बसायला आपल्याच गावच्या बायका पाहिजेत, त्या दिवशी माझे बोंबील कोणी नेले आणि काय भावाने नेले, मला काही आठवत नाही. मी वर्षाराणी तामोरे. नाव बापाने हौसेने ठेवलं आणि ती हौस माझ्या अंगात मुरली. लहानपणापासून एकच इच्छा, एकदा आपलं तोंड पडद्यावर दिसावं. आणि हा कमलेश, बोईसरला लग्नाचे मांडव आणि खुर्च्या पुरवणारा, आमच्या पाट्यांसमोर उभा राहून म्हणतो, "काकी, तुमचं हसणं लई भारी हाय. डायरेक्टरला पयल्या रांगेत हसणारी बाई पायजे. कॅमेरा निस्ता तुमच्या तोंडावर!"

मी पाटीवरून उठलेच. "कसं हसू? आताच हसू का?"

बाजूच्या पाटीवर दमयंती वयनी बसली होती, माझी थोरली जाऊ. तिने हातातला कोयता खाली ठेवला. "कोर्ट कशाला रे? केस कुनाची?"

कमलेश माझ्याकडे बघायला लागला आणि मी पापलेटांकडे. शेवटी पुटपुटला, "तीच हाय. नावं बदललीत."

आता ही 'तीच' म्हणजे कुठली, हे सांगायचं तर आधी आमची वयनी सांगायला पाहिजे.

दमयंती वयनी बारा वर्षांची असल्यापासून मासे विकते. आधी आईच्या पाटीवर, मग लग्न होऊन चिंचणीत आली ती सासूच्या पाटीवर, मग स्वतःच्या. उंचीला बेताची, पण आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला "कोलंबी घ्या" म्हणाली की दुसऱ्या टोकाची मांजरं उठून बसायची. आणि भाव करावा तर तिनेच. कॉलनीतल्या मॅडम गाडी करून यायच्या ते काय फक्त सुरमईसाठी? वयनीशी भांडायला यायच्या. ती एक आकडा सांगायची, मॅडम निम्मा सांगायच्या, वयनी कपाळाला हात लावून म्हणायची, "मॅडम, ही करली ह्या भावात दिली तर माझा नवरा मलाच जाळ्यात घालून टाकून येईल." हसत हसत दोघी मधे कुठेतरी भेटायच्या. मॅडम गेल्या की वयनी मला शिकवायची, "वर्षे, गिऱ्हाईक बोललं का आपन थोडं खाली यायचं. ते थोडं वर, आपन थोडं खाली. मानूस आपल्या दारातनं रिकामा जाता कामा नये." मी बारावी पास आहे, पण कॉमर्सच्या पुस्तकात एवढं चांगलं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या सुरूच्या बागेपलीकडे एका मोठ्या हिरोचा बंगला होता. हिरोचं नाव मी घेत नाही. सुटलेला माणूस आहे, उद्या माझ्यावरच दावा ठोकायचा. तुमच्या मनात जो आला असेल तो तो नाहीच, एवढं धरून चाला. त्याचा ड्रायव्हर होता सुका, जव्हारकडच्या डोंगरातला, गावी बायको आणि लेकरं. घरी जाताना तो वयनीकडून जवळा न्यायचा आणि भाव करताना लाजायचा, म्हणून वयनी स्वतःच दोन्ही बाजूंनी भाव करायची आणि शेवटी त्याला मूठभर जास्त घालायची.

तर एकदा उजाडायच्या आधी वयनी किनाऱ्यावर निघाली होती. बोट लागायची होती. बागेत एक गाडी उभी, दिवे चालू. त्या उजेडात तिने हिरोला बघितलं. बरोबर आणखी एक माणूस होता. दोघे मिळून सुकाला गाडीतून ओढून काढत होते आणि सुकाची मान लोंबत होती. वयनी झाडाआड उभी राहिली आणि ते गेल्यावर तडक पोलिसांकडे गेली. कुणी बोलावलं नव्हतं. कुंदनभावजी, म्हणजे तिचे मालक, म्हणाले, "मोठी मानसं ती, आपल्याला काय करायचं?" तर म्हणाली, "मंग त्याच्या बायकोला कोन सांगनार? समुद्र?"

सुकाच्या खुनाची केस उभी राहिली. टीव्हीवर दिवसरात्र तेच. वयनीची साक्ष म्हणजे केसचा कणा आहे असं सगळे म्हणायचे. ती गेली कोर्टात, नवं लुगडं नेसून, केसात अबोलीची वेणी. सरकारी वकिलाला सगळं नीट सांगितलं. मग हिरोचा वकील उठला. गोरा, हसरा, गोड बोलणारा.

"बाई, तुम्ही गाडीपासून किती लांब होतात?"

"वीस पावलं."

"वीस? छे छे. साठ तरी असतील."

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? वीस म्हणजे वीस म्हणून गप्प बसलो असतो. पण ही जन्माची पाटीवर बसलेली. समोरच्याने आकडा टाकला की हिच्या जिभेला कुलूप लागत नाही. "साठ काय सायेब? कायतरीच बोलता. तीस लावा."

वकील पक्का बेरकी. त्याच्या बरोब्बर लक्षात आलं. "पन्नास."

"पन्नास नाय परवडत. बरं, चाळीस लावा. तुमचं नाय, माझं नाय."

झालं! कोर्ट जे फुटलं म्हणता! पेपरवाले, काळ्या कोटातले, बघायला आलेले, सगळे पोट धरधरून हसले. जज्जसाहेब टेबल ठोकत राहिले. वकील "एवढंच विचारायचं होतं" म्हणाला आणि खाली बसला. मी त्या दिवशी वैतरण्याला माहेरी होते, पण हा प्रसंग मला इतक्या लोकांनी इतक्या वेळा हातवारे करून दाखवलाय की मी तिथेच होते म्हटलं तरी चालेल.

हिरो पुराव्याअभावी सुटला. बाकीचा पुरावाही पातळच होता म्हणे, पण लोकांना आठवलं ते एवढंच. मोबाईलवर पोरं वयनीची नक्कल करायची. रिक्षावाल्याला भाडं जास्त वाटलं तर गिऱ्हाईक म्हणायचं, "चाळीस लावा." लग्नात हुंड्याची नाही तरी आहेराची थट्टा चालली की कोणीतरी म्हणणारच, "चाळीस लावा." आणि बाजारात येऊन तिच्याच तोंडावर, "मावशी, पापलेट चाळीसला लावा ना!" मेल्यांनो, तुमच्या जिभेला हाड नाही ते नाही, डोळ्यात लाज तरी असावी!

त्या दिवसापासून वयनीने भाव करणं सोडलं. एकदा आकडा बोलायची, तोच. गिऱ्हाईक म्हणालं "जरा कमी करा", की तोंड फिरवून बसायची. कॉलनीतल्या मॅडम हळूहळू माझ्याकडे वळल्या. मला चार पैसे जास्त सुटले, पण तिच्या शेजारी बसून ती गप्प असणं म्हणजे बंद पडलेल्या गिरणीशेजारी राहण्यासारखं होतं. मी एकटीच बडबडत असायचे.

म्हणून कमलेशने "तीच केस" म्हटल्यावर मला वाटलं, आता कोयता उडतो. पण वयनीने एवढंच विचारलं, "ते चाळिसाचं हाय का त्यात?"

कमलेशला माहीत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी डायरेक्टर स्वतः घरी आला. चिराग त्याचं नाव. पोरगा वाईट नव्हता हो. चपला बाहेर काढल्या, ओट्यावर मांडी घालून बसला, बोंबलाचं कालवण दिलं तर ताट चाटून पुसून खाल्लं. वयनीने तोच प्रश्न विचारला तर त्याचे डोळे चमकले. "मावशी, तोच तर सीन आहे! ट्रेलरमध्ये तोच जाणार. अख्खा देश हसणार बघा."

वयनी म्हणाली, "आनि त्याच्या म्होरचं?"

"पुढचं काय? पुढे कोर्टाच्या कागदात काही नाही. वकील बसले, साक्ष संपली."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. त्याच्यापुढचं काय, हे मलाही कळलं नाही. मी विचारणार होते, पण चिराग मला म्हणाला, "तुम्हीच का त्या हसणाऱ्या काकी? जरा हसून दाखवा." आणि मी जी हसले, तो टाळ्याच वाजवायला लागला. क्लोजअप पक्का झाला.

आता माझी काय अवस्था झाली असेल! नवीन ब्लाऊज शिवायला टाकला. बहिणीला फोन केला, नणंदेला केला, ज्यांच्याशी भांडण होतं त्यांनाही केला. आरशासमोर उभी राहून हसायची तालीम करायचे. तोंड उघडून, तोंड मिटून, पदर लावून, पदर न लावता. आमचे हे म्हणाले, "वर्षा, शेजारी इचारतात, डॉक्टरला दाखवू का?" आणि हे सगळं चालू असताना मनात एक काटा टोचत होताच. हसायचं कुणाला? आपल्याच जावेला ना? मग मी मनाला समजवायचे, अगं खोटं खोटं आहे. नाटकात रावणाचं काम करणारा काय खरी सीता पळवतो?

मग तेजल आली. दमयंती वयनीचं काम करणारी नटी. एका सकाळी रिक्षातून उतरली ती साध्या पंजाबी ड्रेसवर, आणि म्हणाली, "मला बाजारात बसायचंय. पाटीवर." वयनीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच तिला माझ्या बाजूला फळकुट दिलं. मी आणि काय करणार, नटीच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळतंय! पहिले काही दिवस ती नुसती बघायची. मी बोलायचे, ती ऐकायची. वयनी आपली मासा कापते, आकडा सांगते, तोंड फिरवते.

एका रविवारी बाजार असा भरलेला की पाय ठेवायला जागा नाही. मी तेजलला म्हटलं, "बस आता, इक." तिचं पहिलंच गिऱ्हाईक कॉलनीतल्या त्या चष्मेवाल्या मॅडम. मी ओळखते त्यांना, हाडाच्या कंजूष. त्यांनी पापलेटाच्या वाट्याला हात लावला आणि बोंबलाचा भाव सांगितला. तेजल म्हणाली, "बरं, घ्या."

घ्या! मी तोंडावर हात मारला. मॅडमने वरून मूठभर कोलंबी उचलली, "ही वर घालते हं." तेजल म्हणाली, "हो हो." बाजूला वयनीचे ओठ हलायला लागले. मान वळली. मॅडमने पिशवी उघडली, आणि—

"अगो ए थांब! मॅडम, ठेवा ते खाली! ठेवा म्हनते ना!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. वयनी पाटीवर उभी! "ह्या भावात पापलेट? ह्या भावात मी तुम्हाला पापलेटाचा फोटो देईन! पोरगी नवीन हाय म्हनून लुटता?"

मॅडमचे गाल फुलले. इतक्या वर्षांनी! "मग तुम्ही बोला की!" वयनी बोलली. मॅडम बोलल्या. वयनीने कपाळाला हात लावला, मॅडमने चष्मा काढला. नवऱ्याला जाळ्यात घालून झालं, मॅडमचं पेन्शन काढून झालं, आजूबाजूला रिंगण जमलं, कोणी हिच्या बाजूने, कोणी तिच्या. मी तर नाचायचीच बाकी होते. शेवटी भाव जमला, मॅडम वाटा घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "कुठे होतात इतके दिवस?" वयनी खाली बसली. घामाने डबडबलेली, पण तोंडावर काय तेज! मला रडूच आलं. मी म्हटलं कांद्याच्या बाईने इकडे कांदे कशाला कापावेत, आणि नाक पुसलं.

तेजलने हळूच विचारलं, "कोर्टात पण असंच झालं का?"

पहिल्यांदा वयनी तिच्याशी बोलली. "मंग काय! तो वकील चांगला बोलत व्हता. त्याने आकडा टाकला, मी थोडी आली. त्याला रिकामा कसा पाठवू? पन मना सांग, भाव खाली आला म्हनून मासा बदलतो का गो? पापलेटाचा बोंबील होतो?"

"नाही."

"मी त्याला तेच बोलली. चाळीस लावा, आनि त्याच्या म्होरं बोलली. 'सायेब, पावलं कमीजास्त करा. मानूस तोच व्हता. मी त्याचं तोंड बघितलं.' असं बोलली. मोठ्यानं बोलली. पन सगळी हसत व्हती, कुनाला ऐकूच गेलं नाय. लिहिनाऱ्यानंबी लिहिलं नाय. परत बोलायला तोंड उघडलं तर मना सांगितलं, उतरा खाली."

मी तिच्या शेजारी रोज बसते आणि हे मला माहीत नव्हतं. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, "पुढे काय बोललीस?"

"तेवढं एक वाक्य घालायला सांग तुज्या सायबाला," वयनी म्हणाली. "मंग हसू दे देशाला. हसून झाल्यावर तरी ऐकतील."

तेजलने त्याच दुपारी चिरागला सांगितलं. तो खरंच हळहळला, पण नाही म्हणाला. हिरो सुटलेला माणूस, त्याचे वकील टपून बसलेले. कोर्टाच्या कागदात नाही ते वाक्य साक्षीदाराच्या तोंडी घातलं तर सिरीजच बंद पडेल. एकेक ओळ वकिलाकडून तपासून घेतली होती म्हणे. तेजलने परत येऊन हे सांगितलं तेव्हा वयनी मासा कापत होती. ती थांबली नाही.

मी म्हटलं, "वयनी, मी नाय जात हसायला."

"जा गो. हौस हाय तुला. तू नाय हसलीस तर दुसरी कोन हसेल."

आणि मी गेले. काय करू, गेले. कमलेशची बस आली, आम्ही बायका लुगडी नेसून, दागिने घालून, वराती निघाव्यात तशा निघालो. गाणी काय, उखाणे काय! कुंभवलीच्या बाजूला एक बंद पडलेली कापडाची कंपनी आहे, तिच्या शेडमध्ये कोर्ट उभं केलं होतं. अगं बाई, काय कोर्ट! जज्जाची उंच खुर्ची, लाकडी पिंजरा, वर खडखडणारे पंखे, भिंतीला मुद्दाम लावलेले पोपडे. बाहेरून कंपन्यांचा नेहमीचा वास येत होता तेवढाच काय तो खरा. जज्ज झालेले आजोबा खुर्चीत डुलक्या घेत होते. आम्हाला पुढच्या रांगांत बसवलं. मागे कुंभवलीत राहणारे, आसपासच्या चालू कंपन्यांतले कामगार, सुट्टी काढून आलेले. मला बरोब्बर मध्ये बसवलं आणि कॅमेरा माझ्या तोंडासमोर आणला. एका माणसाने सांगितलं, "नटी 'चाळीस लावा' म्हणाली की मी हात वर करीन. हात वर झाला की सगळ्यांनी हसायचं. जोरात."

मागून एकाने विचारलं, "दीदी, कितना हँसने का?"

"पेट दुखेपर्यंत," मी म्हटलं.

सगळं तयार झालं आणि माझी नजर दरवाज्याकडे गेली. चहाच्या टेबलाजवळ दमयंती वयनी उभी होती. साध्या घरच्या लुगड्यात. तेजलने बोलावलं होतं तिला, नंतर कळलं. मी मान खाली घातली, मग कॅमेऱ्यासाठी परत वर केली.

"अॅक्शन!"

तेजल पिंजऱ्यात उभी. लुगडं, अबोलीची वेणी. वकिलाने विचारलं, किती लांब होतात. वीस. साठ. तीस लावा. पन्नास. आणि तेजलने मान किंचित तिरकी केली, वकिलाकडे बघून हसली, आपलं गिऱ्हाईक राजी व्हावं म्हणून वयनी जशी हसायची अगदी तस्सं, आणि म्हणाली, "पन्नास नाय परवडत. बरं, चाळीस लावा. तुमचं नाय, माझं नाय."

हात वर झाला.

मी तोंड उघडलं. हसू येईना. इतके दिवस आरशासमोर घासून घासून तयार केलेलं हसू, एक 'हा' निघेना! मला वाटलं, माझंच तोंड बंद पडलं, आता क्लोजअप गेला. बाजूला बघते तर आमच्या बाजारातली अर्चना गप्प. तिच्या पलीकडची गप्प. मागच्या रांगेतल्या साऱ्या जणी पदराशी चाळा करत गप्प. कामगारांपैकी दोघे-तिघे हसले आणि आम्हाला बघून खाकरत थांबले.

"कट! काय झालं? हसायचं होतं ना?"

कमलेश धावत आला, "काकी, हात दिसला नाय का?" दिसला की. पुन्हा केलं. पुन्हा हात वर आणि पुन्हा शेडमध्ये पंख्यांचा खडखडाट. देवाशप्पत सांगते, आम्ही काही ठरवलं नव्हतं. बसमध्ये तर कोण कसं हसणार यावरून पैज लागली होती. पण नक्कल ऐकणं वेगळं आणि ती बाई तिथे एकटी उभी राहून इतक्या चांगुलपणाने बोलतेय हे समोर बघणं वेगळं. आम्ही ते कधी बघितलंच नव्हतं.

तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर कमलेशने हात जोडले. "काकी, माज्या इज्जतीचा फालुदा करू नका." चिराग स्वतः पुढे आला. रागावला नव्हता, गोंधळला होता. "काकी, तुम्ही तरी हसा. केवढं छान हसता तुम्ही."

मी उभी राहिले. माझी लाज, माझी हौस, सगळं एकदम डोक्यात गेलं. "हसते की! हसण्यासारखं काय झालं तेवढं सांगा, लगेच हसते."

"अहो, ती कोर्टात भाव करतेय ना..."

"मग? तुमी कमलेशबरोबर आमच्या जेवनाचा भाव नाय केलाव? तेव्हा कोन हसलं तुमाला?"

कामगार मात्र आता हसले. चिरागने कमलेशकडे बघितलं, कमलेश छताकडे बघायला लागला. तेवढ्यात दरवाज्यातून वयनीचा आवाज आला, "हसा गो बायांनो! ह्या पोरांचं जेवन थंड होतंय."

एकही बाई हसली नाही. मला इतका अभिमान वाटला, इतका वाटला की अंगावर काटा आला. आमच्या त्या अर्चनाला तर शोकसभेत हसू आवरत नाही, ती पण खाली मान घालून बसलेली!

चिरागने एकदा आमच्या रांगांकडे, एकदा वयनीकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. नका हसू. जसं वाटेल तसं बसा. चालू करा."

पुन्हा वीस, पुन्हा साठ. तीस, पन्नास, चाळीस. कुणी हात वर केला नाही. वकील झालेल्या नटाचं काम एवढंच होतं की हशा झाला की मिशीत हसायचं आणि खाली बसायचं. हशाच नाही म्हटल्यावर बिचारा बसेना. तो तसाच उभा, तेजलकडे बघत. जज्ज आजोबा जागे झाले होते आणि तेही बघत होते. आणि तेजलने दोन्ही हात पिंजऱ्याच्या लाकडावर ठेवले.

"सायेब," ती म्हणाली, "पावलं कमीजास्त करा. मानूस तोच व्हता. मी त्याचं तोंड बघितलं."

शेवटच्या रांगेतल्या कामगारापर्यंत गेलं ते वाक्य. कोणी कट म्हटलं नाही. चिरागने हात अर्धा उचलला होता, तो तसाच राहिला. ते वाक्य सिरीजमध्ये ठेवतील की कापतील, मला माहीत नाही. त्यांचे वकील आणि ते. पण त्या शेडमध्ये ते प्रत्येक माणसाने ऐकलं.

आणि मग दरवाज्याकडून आवाज आला. खी. मग जरा मोठा. मग मोकळा, बाजाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा.

"कट! कोण हसलं?"

सगळे वळले. दमयंती वयनी चहाचं टेबल धरून हसत होती. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. "अगो आयशी गो," ती म्हणाली, "खरंच कसली बोलली मी! जज्जासमोर! 'नाय परवडत!'"

बस, मग आमचा बांध फुटला. आधी मी हसले. तो क्लोजअपचा हशा नव्हता, तो पोटातला होता. मग अर्चना, मग साऱ्या रांगा, मग कामगार, तेजल पिंजऱ्यात बसूनच गेली, जज्ज आजोबांनी हातोडा आपटला आणि स्वतःच खदखदायला लागले. कॅमेरावाल्याने काय टिपलं, काय नाही, त्यालाच ठाऊक. मी उठून वयनीकडे पळाले, बाकीच्याही आल्या, आम्ही तिच्याभोवती गोळा झालो. कुणी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होतं, कुणी तिला हलवून हसत होतं.

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती ते पुसत नव्हती. हसू हळूहळू ओसरलं, तिने दम घेतला आणि आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं.

"पन मी बघितलं व्हतं," ती म्हणाली.

"बघितलं व्हतंस," अख्खं कोर्ट म्हणालं.